नीतिसूत्रे कशी वाचावीत: नव्या वाचकासाठी

पवित्र शास्त्रातल्या नीतिसूत्रे या पुस्तकाचा २६वा अध्याय उघडा आणि चौथे-पाचवे वचन लागोपाठ वाचा. चौथे म्हणते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाला साजेसे उत्तर देऊ नकोस, दिलेस तर तूही त्याच्याच पंगतीला बसशील. पाचवे म्हणते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाला साजेसे उत्तर दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजू लागेल. मध्ये ना ‘परंतु’, ना ‘कधी कधी’.

पहिल्यांदा वाचणारा इथे अडखळतो, आणि अडखळलेलेच बरे. संग्रह करणाऱ्याचे लक्ष चुकले असते तर ही वचने दहा अध्याय लांब पडली असती. शेजारी शेजारी आली आहेत ती बघूनसवरूनच. वाद घालणारा कोण आहे, आजूबाजूला ऐकणारे कोण आहेत, उत्तर दिल्याने कोणाचे भले होणार आहे, हे पाहून आज चौथे लागू की पाचवे, ते तुम्ही ठरवायचे. जुन्या ज्यू पंडितांनाही ही जोडी खटकली होती. तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथाच्या ‘शब्बाथ’ या भागात नोंद आहे की वचने एकमेकांविरुद्ध जातात म्हणून हे पुस्तकच बाजूला ठेवावे, असा विचार काहींनी केला होता. शेवटी तोडगा निघाला: धर्मशास्त्राच्या गोष्टीत उत्तर द्यावे, इतर बाबतीत देऊ नये. ही वाटणी तुम्हाला पटो न पटो, रीत लक्षात घ्या. त्यांनी एका वचनाला खोटे पाडले नाही, दोघांना दोन जागा नेमून दिल्या.

आपण म्हणींच्या बाबतीत रोज हेच करतो. ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणणारी आजीच संध्याकाळी ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ असे सांगते आणि घरातले कोणीही तिला खोटारडी म्हणत नाही. कुठली म्हण कुठे वापरायची हे कळणे म्हणजेच म्हण कळणे. तीच माणसे पवित्र शास्त्र हातात घेतले की प्रत्येक वचन सही-शिक्क्याच्या करारासारखे वाचू लागतात, आणि मग करार पाळला गेला नाही म्हणून देवावर नाहीतर शेजाऱ्यावर रुसतात.

हा लेख त्यांच्यासाठी आहे, जे नीतिसूत्रे नुकतीच वाचायला लागले आहेत किंवा मंडळीतल्या अभ्यास गटात ज्यांच्यावर हे पुस्तक चालवायची पाळी आली आहे. हिब्रू येण्याची गरज नाही. वचने मी माझ्या शब्दांत, भावार्थाने देतो आहे, म्हणून तुमचे पवित्र शास्त्र शेजारी उघडे ठेवा आणि प्रत्येक संदर्भ स्वतः पडताळा.

पहिली पायरी: आपण पुस्तकाच्या कुठल्या भागात आहोत?

३१ अध्याय एका हाताने एका बैठकीत लिहिलेले नाहीत. १ ते ९ हे बापाने मुलाला समोर बसवून केलेले लांब बोलणे आहे. ज्ञान तिथे बाईच्या रूपात वेशीवर, चव्हाट्यावर उभे राहून हाका मारते. १०:१ पासून २२:१६ पर्यंत शलमोन राजाच्या नावावरची सुटी वचने आहेत, एकूण ३७५. हिब्रूत अक्षरांना अंकांची किंमत असते आणि शलमोन या नावाच्या अक्षरांची बेरीजही ३७५ होते, त्यामुळे आकडा जुळवून आणला असावा असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे ज्ञानी लोकांची वचने. त्यांतला २२:१७ पासूनचा भाग इजिप्तमधल्या आमेनेमोपे नावाच्या माणसाच्या उपदेशाशी इतका जुळतो की गरिबाला लुबाडू नकोस, शेताची हद्द सरकवू नकोस, ही बोलणीही दोन्हीकडे सापडतात. २५ ते २९ हे अध्याय यहूदा देशाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी उतरवून घेतले, म्हणजे शलमोनानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. ३०वा आगूरचा. ३१वा लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवलेला.

याचा वाचताना उपयोग असा. पहिल्या नऊ अध्यायांत मागचा-पुढचा संदर्भ असतो, म्हणून तिथे अध्याय अख्खा वाचावा, एक ओळ उचलू नये. दहाव्यापासून मात्र बहुतेक वचनांचा शेजाऱ्याशी संबंध नसतो. त्यांचे खरे सोबती पाच-दहा अध्याय पलीकडे, त्याच विषयावर बोलत बसलेले असतात. महिन्याच्या तारखेप्रमाणे रोज एक अध्याय वाचायची पद्धत मंडळ्यांमध्ये रूढ आहे, ३१ अध्याय असल्याने ती सोयीचीही पडते. ओळख व्हायला ठीक. पण दहाव्या अध्यायानंतर एका बैठकीत तीसेक वेगवेगळे विषय डोळ्यांखालून जातात आणि दुपारपर्यंत एकही आठवत नाही. त्यापेक्षा आठवड्याला एक विषय घ्यावा: जीभ, पैसा, आळस, राग, मैत्री.

दुसरी पायरी: हे वचन कोणत्या प्रकारचे आहे?

माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. या पुस्तकात निदान चार तऱ्हेची बोलणी आहेत आणि ती कुठल्याही पाटीशिवाय एकमेकांत मिसळलेली आहेत.

काही नुसती निरीक्षणे आहेत. २०:१४ बघा: घेणारा ‘माल वाईट, माल वाईट’ म्हणतो, आणि घेऊन बाहेर पडला की कसा स्वस्तात पटकावला याची फुशारकी मारतो. मंगळवारच्या बाजारात उभे राहून लिहिल्यासारखे वचन. इथे आज्ञा नाही, मनाई नाही, वचनदत्त आशीर्वादही नाही. जग असे चालते, डोळे उघडे ठेव, इतकेच. १४:२० सांगते की गरीब माणूस शेजाऱ्यालाही नकोसा होतो आणि श्रीमंताला मित्र पुष्कळ. हे वाचून कोणी गरिबाला टाळायला लागला तर? म्हणून लगेच पुढच्याच वचनात शेजाऱ्याला तुच्छ लेखणे पाप आहे असे बजावले आहे.

काही वचने परिणाम सांगतात: असे केले की असे होते. उद्योगी हात श्रीमंत करतो (१०:४). मऊ उत्तराने राग निवतो (१५:१). बहुतेक वेळा तसे होतेही, म्हणून तर ती पिढ्यानपिढ्या टिकली. पण ‘बहुतेक वेळा’ हे शब्द वचनात लिहिलेले नसतात. आखूड बोलीत अपवादांना जागा नसते. मऊ उत्तर देऊनही दारूच्या नशेतला नवरा हात उगारतो, अशा घरात १५:१ ऐकवून बाईला परत पाठवणे हा त्या वचनाचा उपयोग नव्हे, दुरुपयोग आहे. २२:३ हेही याच पुस्तकातले: शहाणा संकट येताना पाहतो आणि लपतो, भोळा पुढे जातो आणि भोगतो.

काही वचने देव कसा आहे ते सांगतात. खोटा तराजू परमेश्वराला किळसवाणा वाटतो (११:१). दुबळ्याला छळणारा त्याच्या निर्माणकर्त्याचा अपमान करतो (१४:३१). इथे ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द घुसवू नका. ‘नीतिसूत्रे म्हणजे ढोबळ शहाणपण’ हे नव्याने कळलेले काही लोक इतके खूश होतात की नको त्या वचनातूनही त्याच वाटेने निसटू पाहतात. काटा मारणे देवाला सणासुदीचे चालते, असे ११:१ कुठेही म्हणत नाही.

चौथ्या तऱ्हेची म्हणजे सरळ आज्ञा: कर, करू नकोस. या सोप्या वाटतात, पण यांतही दोन जाती आहेत आणि त्या वेगळ्या करायची एक युक्ती आहे: आज्ञेमागे दिलेले कारण वाचा.

२२व्या अध्यायातच शेजारशेजारच्या दोन आज्ञा घेऊ. २२:२२ म्हणते, गरीब गरीब आहे म्हणून त्याला लुबाडू नकोस. कारण २३व्या वचनात: त्यांचा खटला परमेश्वर लढवील. चार ओळी पुढे २२:२६ म्हणते, दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नकोस. कारण २७व्यात: फेडायला काही नसेल तर तुझ्या अंगाखालचे अंथरूणही उचलून नेतील.

पहिले कारण देव आहे, दुसरे कारण अंथरूण. पहिली आज्ञा मोडणे म्हणजे देवाशी गाठ, दुसरी मोडणे म्हणजे धोका पत्करणे. पतसंस्थेच्या कर्जाला दोन जामीनदार लागतात आणि मेहुणा फॉर्म घेऊन दारात उभा आहे, हा प्रसंग ज्याच्यावर आला आहे त्याला या वचनाची किंमत कळेल. ६:१-५, ११:१५, १७:१८ इथेही तोच इशारा आहे, म्हणजे तो हलक्यात घेण्यासारखा नाही. रात्रीची झोप उडवणारी सही आहे ती. पण ती सही करणे म्हणजे पाप का? उत्पत्ती या पुस्तकाच्या ४३व्या अध्यायात याकोबाचा मुलगा यहूदा आपल्या धाकट्या भावासाठी, बन्यामिनासाठी बापाजवळ जामीन राहतो, आणि पुढच्या अध्यायात त्याच्याऐवजी स्वतः गुलाम व्हायला तयार होतो. त्या घराण्याची गोष्ट तिथूनच पालटते. प्रेषित पौल फिलेमोनाला लिहितो की तुझा दास ओनेसिम याचे काही देणे असेल तर माझ्या खात्यावर मांड, मी फेडीन. दोघांनाही कोणी मूर्ख म्हटलेले नाही. तेव्हा मेहुण्याच्या फॉर्मवर सही करायची तर अंथरूण जाऊ शकते हे गृहीत धरून, घरच्यांना सांगून, आणि गेले तरी प्रेमापोटी गेले म्हणता येईल इतकीच रक्कम पाहून करा. तोंडदेखलेपणाने करू नका. वचनाचे म्हणणे ऐकले ते असे.

तिसरी पायरी: हमीपत्र म्हणून सर्वात जास्त वापरले गेलेले वचन

ते म्हणजे २२:६. मुलाला त्याच्या वाटेचे शिक्षण दे, म्हातारपणीही तो ती सोडणार नाही. संडे स्कूलच्या भिंतीवर, बाळाच्या समर्पणाच्या कार्डावर, सगळीकडे असते. असायलाही हरकत नाही.

अडचण वीस वर्षांनी येते. मुलगा उपासनेला येणे सोडतो, व्यसनात सापडतो, घरच्यांशी बोलेनासा होतो. प्रार्थनासभेत आई रडते आणि मागच्या ओळीतली कोणीतरी हळूच म्हणते, ‘संस्कारात काहीतरी राहिले असणार, वचन तर खोटे नाही ना.’ गणित बिनचूक दिसते: शिक्षण दिले तर सोडणार नाही, सोडले म्हणजे शिक्षण दिलेच नाही. वचनाला हमीपत्र केले की दोष आपोआप आईच्या पदरात पडतो.

आता पुस्तकालाच विचारू. ‘माझ्या मुला, ऐक’ ही हाक पहिल्या नऊ अध्यायांत पुन्हा पुन्हा येते. शिकवलेला मुलगा नक्की ऐकतोच असे बापाला वाटत असते तर इतकी मनधरणी कशाला? ५:१२-१३ मध्ये तर वाट चुकलेला माणूस स्वतःच कबूल करतो की शिक्षक होते, सांगत होते, मीच कान दिला नाही. १३:१ मध्ये बापाचे ऐकणारा मुलगा आहे आणि दटावणीला न जुमानणारा निंदकही आहे. १७:२५ मध्ये मूर्ख मुलगा बापाचे दुःख आणि आईचा कडवटपणा ठरतो. त्या आईला तिथे दोष दिलेला नाही, तिचे दुःख फक्त मान्य केले आहे.

आणि खुद्द शलमोन? १ राजे ११:४ सांगते की तो म्हातारा झाला तेव्हा त्याचे मन इतर देवांकडे वळले. २२:६ मधले ‘म्हातारपण’ आणि हे म्हातारपण एकमेकांसमोर ठेवून बघा. त्याचा मुलगा रहबाम गादीवर आला, त्याने वडीलधाऱ्या माणसांचा शहाणा सल्ला झुगारून बरोबरच्या पोरांचे ऐकले आणि राज्याचे दोन तुकडे झाले (१ राजे १२). ज्या घराण्याच्या नावावर हा ग्रंथ आहे त्या घराण्याचीच ही कथा पवित्र शास्त्राने लपवून ठेवलेली नाही.

मग वचनात उरले काय? पुष्कळ उरले. लहानपणी लागलेले वळण खोल जाते, हे तुमच्या-माझ्या घरातले रोजचे सत्य आहे. ज्यांचे मूल चार वर्षांचे आहे त्यांना हे वचन जरूर सांगा: कंटाळू नका, आज जे पेरताय ते वाया जात नाही. ज्यांचे मूल तीस वर्षांचे आहे आणि दुरावले आहे त्यांना हे ऐकवू नका. त्यांच्यासोबत बसा. वचन तेच, पण एका दारात औषध आणि दुसऱ्या दारात विष होते.

जाता जाता छडीबद्दल, कारण मुलांचा विषय निघाला की १३:२४ निघतेच. छडी आवरणारा बाप मुलाचा वैरी, असे ते म्हणते. शिस्तीकडे काणाडोळा करणारी माया ही माया नव्हे, हा त्याचा गाभा. मारण्याचा परवाना म्हणून ते पुढे करणाऱ्यांना १७:१० दाखवावे: शहाण्याला एक कानउघाडणी जितकी लागते तितके मूर्खाला शंभर फटकेही लागत नाहीत. शाळेत तर प्रश्नच नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना बंदी केली आहे.

चौथी पायरी: एका विषयावरची सगळी वचने एका कागदावर उतरवा

ही पायरी वेळखाऊ आहे आणि तिला पर्याय नाही. उदाहरणाला गरिबी घेतो, कारण त्यावर एकच वचन उचलून बोलणारे फार भेटतात.

पहिल्या रकान्यात आळसाची वचने येतील. ६:६-११: अरे आळशा, मुंगीकडे जा. १०:४: ढिला हात दरिद्री करतो. २०:४: नांगरणीच्या दिवसांत आळस केला तर सुगीला हात हलवत बसावे लागते. २४:३०-३४ मध्ये एक माणूस आळशाच्या शेतावरून जाताना काट्याकुट्यांनी भरलेले रान आणि ढासळलेला दगडी बांध पाहतो, थांबतो, विचार करतो आणि धडा घेतो. वचन जन्माला कसे येते ते इथे दिसते: डोळ्यांनी पाहून. इथेच थांबलात तर निष्कर्ष तयार आहे: गरीब तो आळशी.

थांबू नका. १३:२३ म्हणते, गरिबाच्या रानात धान्य भरपूर पिकू शकते, पण अन्यायाने ते वाहून जाते. म्हणजे रान आहे, मेहनत आहे, पीकही आहे, आणि तरी ताट रिकामे. २२:१६ गरिबाला पिळून स्वतःची भर करणाऱ्याबद्दल बोलते. ३०:१४ मध्ये दात तलवारीसारखे असलेली आणि गरिबांना खाऊन टाकणारी पिढी आहे. ३१:८-९ मध्ये आई राजाला सांगते की ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तू तोंड उघड.

हा दुसरा रकाना डोळ्यांसमोर ठेवून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याकडे बघा. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली, पहाटे अंधारात फडात उतरलेले, मोळ्या बांधून, गाडी भरून रात्री कोपीवर परतलेले, आणि हंगाम संपला तरी उचल फिटत नाही. त्यांच्यापुढे जाऊन ‘उद्योगी हात श्रीमंत करतो’ म्हणणाऱ्याने खरे वचन चुकीच्या माणसाला सांगितले. त्यांच्यासाठी १३:२३ लिहिले आहे. आणि मुकादमासाठी २२:२२.

तिसऱ्या रकान्यात ‘अमक्यापेक्षा तमके बरे’ या घडणीची वचने घाला. परमेश्वराचे भय धरून थोडके असलेले बरे (१५:१६), न्यायाने मिळालेले थोडके बरे (१६:८), सचोटीने चालणारा गरीब वाकड्या श्रीमंतापेक्षा बरा (२८:६). मला ही सगळ्यांत मोलाची वाटतात, कारण सज्जन माणूस गरीब असू शकतो हे ती कोणताही गाजावाजा न करता गृहीत धरतात. सज्जनपणाने नेहमीच बरकत येत असती तर अशी तुलना करायची वेळच आली नसती.

शेवटी एक जोडी. १०:१५ म्हणते, धनवानाचे धन हे त्याचे मजबूत नगर, आणि दरिद्र्याची दरिद्रता हा त्याचा नाश. १८:११ची पहिली ओळ अक्षरशः तीच आहे: धनवानाचे धन हे त्याचे मजबूत नगर. पण दुसरी ओळ सांगते की ते त्याला उंच तटासारखे वाटते, ते त्याच्या कल्पनेत. आणि त्याच्या आधीचे, १८:१०, परमेश्वराचे नाव हा बळकट बुरूज असल्याचे सांगते. पैसा खरेच आधार देतो का? देतो, दवाखान्याचे बिल समोर आले की कळते. पुरेसा देतो का? नाही. दोन्ही सांगायला दोन वचने लागली.

देणगीच्या आवाहनात ३:९-१० हटकून येते: पहिल्या उत्पन्नाने परमेश्वराचा मान राख, म्हणजे तुझी कोठारे भरतील. पुढचे वचन, ११वे, त्यावेळी सहसा वाचले जात नाही. त्यात परमेश्वराच्या शिक्षेला कंटाळू नकोस असे आहे. कोठारे भरण्याची आणि मार खाण्याची गोष्ट एकाच दमात सांगितलेली असताना अर्ध्यावर पुस्तक मिटणारा प्रामाणिक नव्हे, एवढे मी म्हणेन.

पाचवी पायरी: ईयोब आणि उपदेशक यांनाही बोलवा

पवित्र शास्त्रात शहाणपणाची ही तीन पुस्तके एकमेकांशी बोलतात. उपदेशक ७:१५ म्हणतो, नीतिमान आपल्या नीतिमत्तेत नाश पावलेला मी पाहिला आणि दुष्ट दुष्टाईत दीर्घायुषी झालेला पाहिला. ९:११ मध्ये शर्यत वेगवानाचीच असते असे नाही, लढाई बलवानाचीच असते असे नाही. नीतिसूत्रे पाहतात तो माणूस आणि उपदेशक पाहतो तो माणूस एकाच गल्लीत राहतात.

ईयोबाच्या पुस्तकात तर नीतिसूत्रे चुकीची वापरली तर काय होते त्याचे अख्खे नाटकच आहे. सगळे गमावलेल्या ईयोबाला भेटायला आलेला त्याचा मित्र अलीफज विचारतो, निरपराध माणसाचा कधी नाश झाला आहे का (ईयोब ४:७)? हे नीतिसूत्रे १२:२१ शी किती जुळते ते बघा: नीतिमानावर अनर्थ येत नाही. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र ज्या तत्त्वावर उभे आहेत ते तत्त्व खोटे नाही, फक्त राखेत बसलेल्या ज्या माणसाला ते चिकटवले तो माणूस चुकीचा. शेवटी देव अलीफजला सांगतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोन्ही मित्रांवर माझा कोप भडकला आहे, कारण माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत (४२:७). आले तेव्हा पहिले सात दिवस ते गप्प बसले होते. नीतिसूत्रे १७:२८ प्रमाणे गप्प बसलेला मूर्खही शहाण्यात जमा होतो.

नव्या करारात हाच प्रश्न शिष्य विचारतात: जन्मांध माणसासाठी पाप कोणी केले, याने की आईबापांनी? येशू म्हणतो, दोघांनीही नाही (योहान ९:३). शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा जास्त अपराधी होते का, असे तो स्वतःच विचारतो आणि नाही म्हणतो (लूक १३:४-५). म्हणून कोणाच्या घरी आजारपण, अपघात, दिवाळे असे काही झाले असेल तर वचनावरून कारण शोधत मागे जाऊ नका. नीतिसूत्रे पुढची वाट दाखवण्यासाठी आहेत, झालेल्या घटनेचा पंचनामा करण्यासाठी नाहीत.

सहावी पायरी: तोंड उघडण्यापूर्वी

आपले वचन कसे वापरले जाऊ शकते याची या पुस्तकाला चांगली कल्पना होती. मूर्खाच्या तोंडी नीतिवचन म्हणजे लंगड्याचे लोंबते पाय (२६:७), आणि दारुड्याच्या हातात शिरलेला काटा (२६:९). दुःखी मनापुढे गाणी म्हणणारा म्हणजे थंडीच्या दिवशी दुसऱ्याचे पांघरूण काढून घेणारा (२५:२०). पहिल्या उपमेत वचन कुचकामी आहे, दुसरीत जखम करणारे.

कोणाला वचन सांगायचे असेल, किंवा ग्रुपवर टाकायचे असेल, तर आधी तीन प्रश्न विचारा. हे मी त्याला सांगतोय की त्याच्याबद्दल इतरांना? त्याच्या प्रसंगाची दुसरी बाजू मी ऐकली आहे का? (१८:१७: पहिला बोलतो तो बरोबर वाटतो, दुसरा येऊन उलटतपासणी करेपर्यंत.) आणि हे वचन माझ्यावर आले असते तर मी कुठे बसून ऐकले असते? तिसऱ्याचे उत्तर अवघड जात असेल तर वचन आधी स्वतःवर चालवून बघा. नीतिसूत्रांतली बहुतेक वचने वाचणाऱ्याच्या स्वतःच्या वळणासाठी आहेत, शेजाऱ्याच्या तपासणीसाठी नाहीत.

सरावाला काही वचने

१२:२१ घ्या आणि शेजारी २४:१६ ठेवा, जिथे नीतिमान सात वेळा पडतो आणि उठतो. अनर्थ येत नाही आणि सात वेळा पडतो, ही दोन्ही बोलणी एका तोंडून कशी निघतात, ते दोन-तीन वाक्यांत लिहून काढा.

१६:७ म्हणते, माणसाचे मार्ग परमेश्वराला आवडले की तो त्याच्या वैऱ्यांनाही त्याच्याशी सलोखा करायला लावतो. लुस्त्रात पौलाला दगडमार झाला होता (प्रेषितांची कृत्ये १४:१९), हे लक्षात ठेवून वाचा. वचन टाकूनही देऊ नका. ताठरपणामुळे ओढवून घेतलेले वैर आणि सत्यासाठी पत्करलेले वैर यांत फरक करायला ते शिकवते का, ते बघा.

१७:८ मध्ये लाच देणाऱ्याला ती जादूच्या खड्यासारखी वाटते, जिथे फिरवावी तिथे काम होते. निरीक्षण की शिफारस? उत्तर त्याच अध्यायाच्या २३व्या वचनात आहे.

३१:१०-३१ मधली सद्गुणी स्त्री. २२ वचने, हिब्रूच्या २२ अक्षरांनी क्रमाने सुरू होणारी, म्हणजे ‘अ’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत रचलेली स्तुती. एका दिवसात इतकी कामे करणारी बाई शोधायला निघू नका आणि घरच्या बाईच्या हातात ही यादी देऊ नका. शेवटच्या वचनात तिच्या हातांच्या कामाचे फळ तिला द्या असे इतरांना सांगितले आहे. ते कोणी द्यायचे, यावर गटात चर्चा घ्या. पुरुषांना आधी बोलू द्या.

आणि २७:१४, भल्या पहाटे उठून मोठ्या आवाजात शेजाऱ्याला आशीर्वाद दिला तर तो शाप समजला जातो. याचा अर्थ लावायला कुठलीच पायरी लागणार नाही, फक्त पहाटे पाचला ग्रुपवर फुलांच्या चित्रासह वचन पाठवण्यापूर्वी एकदा वाचून घ्या.